बियाण्याचा दोडका

रोहिणी लागायला आठ दिवस आहेत.
बादलीत सकाळच्या अंघोळीचं पाणी शिल्लक आहे, साबणाचं.
मिरचीला ते चालत नाही, कर्दळीला चालतं.
कर्दळ काहीही पिते.

तीस वर्षं परभणीचे व्हॉल्व फिरवले मी.
मंडईला पहाटे चारला,
स्टेशनमागच्या गल्लीला दहा दिवसांनी एकदा,
अन् शिव्या रोज.
आता तांब्यानं मोजतो.
मोगऱ्याला दोन,
गुलाबाला एक, बुडाशी, ऊन उतरल्यावर.
जास्वंदीला तोंड बघून.

वांग्याची झाडं काल उपटली.
मुळांना गाठी होत्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या.
तो वाफा उघडा टाकलाय, ढेकळं उलथी करून.
तापू दे म्हटलं, त्रेचाळीस डिग्रीत चांगला तापू दे,
किडे मरतील, काही माझ्या डोक्यातलेही.
निशिगंधाचे कांदे पोत्यावर, जिन्याखाली.
झेंडूची वाळकी बोंडं चुरली की हाताला जो वास लागतो
तो जेवतानाही सुटत नाही.
सत्यभामा म्हणते, भाकरीला झेंडू लागलाय.

शेवंती जगवायची ती याच दिवसांत.
तिच्यावर हिचं जुनं लुगडं ताणलंय, चार काठ्यांवर.
मांडव म्हणा, आयसीयू म्हणा.

दोडक्याचं मात्र माझ्या हातात नाही.

महाशिवरात्रीला टोकलेला वेल.
सुतळी दिली, जाळी दिली, बाभळीची फांदी रोवून दिली,
त्याला भिंतीपलीकडचंच पाहिजे होतं.
अन् पहिल्या बहाराचा, सरळ, हातभर लांब,
बियाण्याला राखलेला एकच एक दोडका
प्रयागबाईंच्या अंगणात लोंबतोय.
प्रयागबाईंशी आमचं बोलणं नाही.

मागच्या चैत्रात माझ्या हातातला पाइप निसटला
अन् त्यांच्या दोन पायल्यांच्या कुरडया
पुन्हा चीक झाल्या.
"गावाला थेंब दिला नाही मेल्यानं,
आमच्या कुरडयांवर सोडली अख्खी टाकी!"
हे वाक्य गल्लीत अजून चालतं.

रोज सकाळी स्टुलावर चढून बघायचो.
हिरवा होता, मग पिवळट,
मग शिरा अशा वर आल्या, म्हाताऱ्याच्या हातासारख्या.
पोपट येतात. खारी येतात.
परवा बघतो तर दोडका दिसेना.
पोटात कळ आली, खरं सांगतो,
पेन्शन अडली होती तेव्हा आली होती तशी.
मग दिसला.
परकराच्या नाडीनं तारेला बांधलेला,
अंगावर मच्छरदाणीचा तुकडा, दोन टाके घालून,
लेकरू कुंचीत असावं तसा.

स्टूल डुगडुगलं.
खाली शेवयांपाशी काठी घेऊन बसलेल्या बाई
वर न बघता म्हणाल्या,
"काय शोधायलाव?"
"काही नाही."
"खुळखुळायला लागला की देते.
आत्ताच तोडलाव तर बी कच्चं निघंल."

नळाला पाणी यायच्या आधी
नुसती हवा येते, फुसफुस करत.
लोक वैतागून तोटी बंद करतात.
बंद करायची नसते.
मी "बरं" म्हणालो अन् खाली उतरलो.

काल संध्याकाळी भिंतीवर कागदाची पुडी होती,
वर दगड ठेवलेला.
राखेत घोळलेल्या बिया, काळ्याभोर.
मोजल्या. सत्तेचाळीस.
एवढ्या दोडक्यात शंभराच्या खाली निघत नाहीत.
सत्यभामा म्हणाली, विचारा की मग.
नाही विचारलं.

आत्ता पलीकडून खुरप्याचा आवाज येतोय.
आळं करताहेत, भिंतीला फारच चिकटून,
तिथं खाली चुना आहे, मुरूम आहे, काही लागणार नाही.
दोन हात सोडून करा, म्हणावं का?

कर्दळीचं पाणी राहिलंय.